पिल्लाचे पाय जमिनीला कधी लावायचे?

भादव्यात गल्लीतली कुत्री माजावर येतात. पुढे ६३ दिवसांच्या हिशेबाने दिवाळीच्या आगेमागे तणसाच्या ढिगात, गोठ्याच्या कोपऱ्यात, एखाद्या राईस मिलच्या ओट्याखाली पिल्लांची कुंईकुंई सुरू होते. संक्रांतीपर्यंत त्यातली दोन-चार कुणाच्या ना कुणाच्या घरी येतात. कुणी नागपूरहून पैसे मोजून लॅब्राडोर आणतो. पिल्लू कुठूनही आलेलं असो, आठवडाभरात घरात एकच प्रश्न निघतो: याला बाहेर फिरवायला कधीपासून न्यायचं?

भंडाऱ्यात या प्रश्नाला दोन उत्तरं हमखास मिळतात. शेजारी म्हणतात, "उद्यापासून न्या, मोकळं फिरलं तर धट्टंकट्टं होईल." नात्यातलं कुणी म्हणतं, "सहा महिने दाराबाहेर काढूच नका." पहिला सल्ला ऐकून कितीतरी पिल्लं दगावतात. दुसरा ऐकला तर ती जगतात, पण पुष्कळदा जन्मभर भित्री आणि त्या भीतीपोटी चावरी राहतात.

माझ्या मते या प्रश्नाची फोड केली की गोंधळ संपतो. पिल्लाचे डोळे, कान आणि नाक घरी आल्यापासूनच बाहेरच्या जगात गेले पाहिजेत. त्याचे पाय मात्र रस्त्याच्या, मैदानाच्या, तलावाकाठच्या जमिनीला लसीकरण पूर्ण होईपर्यंत लागू नयेत. लसीकरण पूर्ण होणं म्हणजे काय, याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

"गावठी पिल्लाला काही होत नाही"

हे वाक्य जिल्ह्यातल्या सातही तालुक्यांत ऐकू येतं आणि त्यामागे डोळ्यांनी पाहिलेला पुरावा असतो. गल्लीत धडधाकट कुत्री फिरताना दिसतात, त्यांना कुणी इंजेक्शन दिलेलं नसतं. पण आपल्याला दिसतात ती वाचलेली. न वाचलेली कुठल्या नालीत, कुठल्या चाकाखाली गेली ते मोजायला कुणी थांबत नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी ते मोजलं. पश्चिम बंगालमधल्या मोकाट कुत्र्यांच्या ३६४ पिल्लांवर त्यांनी नजर ठेवली. सात महिन्यांची होईपर्यंत त्यातली जेमतेम १९ टक्के उरली होती. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सगळीच रोगाने गेली असं नाही. गाड्यांखाली सापडणं, माणसांनी मारणं किंवा उचलून नेणं यांचा वाटा मोठा होता. पण "गावठी पिल्लू आपोआप तगतं" ही समजूत त्या एका आकड्यापुढे टिकत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, पिल्लांचा सगळ्यात मोठा शत्रू पार्वो हा रोग मुळात जुना नाहीच. तो विषाणू जगाला माहीत झाला १९७८ साली आणि दोनेक वर्षांत खंडोखंडी पसरला. त्या वेळी कुठल्याच जातीच्या कुत्र्याकडे त्याच्याविरुद्ध ताकद नव्हती. हा लेख वाचणाऱ्या अनेकांपेक्षा तो रोग वयाने लहान आहे. त्याच्याशी लढण्याची शक्ती आपल्या गावठी कुत्र्यांना पूर्वापार मिळाली असेल, हे शक्यच नाही.

पार्वोत पिल्लू आधी मलूल होतं, खाणं सोडतं, मग ओकाऱ्या आणि घाण वासाची, पुष्कळदा रक्ताची हगवण लागते. संसर्ग झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांत हे दिसू लागतं. उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक पिल्लं जातात. वेळेवर सलाईन आणि औषधं मिळाली तर बरीच वाचतात. म्हणून "उद्या बघू" म्हणायची ही वेळ नव्हे. रात्री ओकाऱ्या सुरू झाल्या तर सकाळी पहिल्यांदा डॉक्टरकडेच जा.

"४५ दिवसांचं इंजेक्शन झालं, आता न्यायला हरकत नाही"

हा गैरसमज सगळ्यात घातक, कारण तो काळजी घेणाऱ्या माणसांचाच असतो. त्यांनी डॉक्टरकडे नेलेलं असतं, पैसे भरलेले असतात, कार्डावर शिक्का असतो. मग पिल्लू मेलं की ते म्हणतात, लसच खोटी होती.

लस बहुधा खरीच असते. घडतं ते असं. कुत्रीच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून, पिल्लाला रोगाशी लढणारी द्रव्यं मिळतात. ती आईकडून आलेली शिदोरी समजा. रोज थोडी थोडी संपते. शिदोरी भरपूर आहे तोवर रोग लागत नाही, पण लसही लागत नाही, कारण लसीतल्या कमजोर विषाणूलाही ती द्रव्यं शत्रू समजून संपवतात. शिदोरी कमी झाली की एक वाईट काळ येतो. उरलेली द्रव्यं लसीला अडवण्याइतकी असतात, पण खऱ्या रोगाला थोपवण्याइतकी नसतात. हा काळ कुठल्या पिल्लात सहाव्या आठवड्यात येतो, कुठल्या पिल्लात चौदाव्या-पंधराव्या. एकाच आईच्या दोन पिल्लांतही फरक असतो आणि वरून पाहून कुणाला तो ओळखता येत नाही.

म्हणूनच लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. पहिला डोस कमी पडतो म्हणून दुसरा, असं ते नाही. कुठला डोस लागू पडेल हे ठाऊक नसतं, म्हणून दार परत परत ठोठावायचं. पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेची शिफारस अशी: सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरुवात, मग दर दोन ते चार आठवड्यांनी डोस आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर.

आपल्याकडे पुष्कळ कार्डांवर शेवटची तारीख ९० दिवसांच्या आसपास असते. ९० दिवस म्हणजे तेरा आठवडेसुद्धा नाहीत. ज्या पिल्लाची शिदोरी पंधराव्या आठवड्यापर्यंत पुरते, त्याला कार्डावरचे सगळे डोस मिळूनही संरक्षण मिळालेलं नसेल. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, "साहेब, १६ आठवड्यांनंतरचा एक डोस देता का?" यात कुणाचा अपमान नाही. त्या शेवटच्या डोसनंतर शरीराला तयारी करायला किमान एक आठवडा द्या. दोन दिले तर उत्तम.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ही लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. दुकानातून बाटली घेऊन, खिशात टाकून, उन्हातून लाखांदूरपर्यंत नेऊन घरीच टोचली तर ती पाण्यासारखी निकामी होऊ शकते. लस बर्फाच्या डब्यातून आणलेली हवी आणि टोचणारा हात पशुवैद्यकाचा हवा. जंताचं औषधही त्यांच्याकडूनच घ्या. जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात, त्यामुळे "अजून माती खाल्ली नाही, जंत कुठून?" हा प्रश्न फसवा आहे.

"मग चार महिने घरातच कोंडून ठेवतो"

इथे सांभाळून ऐका, कारण आधीचं वाचून हाच निष्कर्ष काढावासा वाटतो.

अमेरिकेतल्या जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या वाढीवर वर्षानुवर्षं काम केलं. १९६५ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथाने एक गोष्ट पक्की केली: साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. त्यानंतर अनोळखी माणूस, आवाज, वाहन याकडे ते आधी धोका म्हणूनच पाहतं. लसीकरण पूर्ण होईपर्यंत ही मुदत संपलेली असते. चार महिने चार भिंती पाहिलेलं कुत्रं मग पोस्टमनवर धावतं, वरातीचा बँड वाजला की पलंगाखाली लघवी करतं आणि शेवटी साखळीला बांधलं जातं. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ मध्ये स्पष्ट सांगितलं की, पहिली लस आणि जंताचं पहिलं औषध होऊन सात दिवस झाले की पिल्लाची बाहेरच्या जगाशी ओळख सुरू करावी. पुढच्या डोसांची वाट पाहत थांबू नये.

यासाठी आपल्याकडे साधा उपाय आहे: कडेवर घ्या. टॉवेलात गुंडाळून, दोन हातांत धरून भंडाऱ्यातल्या खांब तलावाच्या काठावर दहा मिनिटं बसा. शाळा सुटताना फाटकापासून थोडं लांब उभे राहा. बाजाराच्या दिवशी उभ्या गाडीत मांडीवर घेऊन गर्दी दाखवा. महामार्गावरचे ट्रक, ट्रॅक्टर, बैल, छत्री, दाढीवाले आजोबा, डोक्यावर पदर घेतलेल्या आजी, सगळं दाखवा आणि प्रत्येक वेळी तोंडात काहीतरी आवडीचं द्या. घाबरलं तर लांब न्या, ओढून जवळ नेऊ नका. ज्याच्या कुत्र्याला सगळ्या लसी झाल्या आहेत अशा ओळखीच्या घरी खेळायला न्या. आपल्या आवाराला भिंत असेल आणि बाहेरची कुत्री आत येत नसतील, तर तिथे पायही टेकवा.

पाय टेकवू नयेत अशी एक जागा लोकांच्या लक्षातच येत नाही. ती म्हणजे ढोरांच्या दवाखान्याची फरशी. आजारी जनावरं तिथेच येतात. पिल्लू मांडीवर घेऊन बसा आणि थेट टेबलावर ठेवा.

"घर रोज फिनाईलने पुसतो"

पार्वोचा विषाणू फिनाईलला दाद देत नाही. सावलीतल्या ओलसर मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो आणि चपलेच्या तळव्याला चिकटून घरात येतो. चपला बाहेर काढायची आपल्या आजीची शिस्त इथे खरोखर कामाची आहे. घरात आधी एखादं पिल्लू पार्वोने गेलं असेल, तर घाण पूर्ण काढून, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण फरशीवर दहा मिनिटं राहू द्या. नवीन पिल्लू पूर्ण लसी झालेलंच आणा.

"गावाकडे मोकळी हवा आहे, धोका शहरात"

भंडारा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. बांधीत पाणी, बांधावर उंदीर आणि उंदराच्या मुतातून पाण्यात उतरणारा लेप्टो नावाचा रोग. कुत्रं त्या डबक्यातून चाललं, ते पाणी चाटलं की त्याचं मूत्रपिंड आणि यकृत धोक्यात येतं आणि त्याच्या लघवीतून तो माणसालाही होऊ शकतो. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेचं पाणी वस्त्यांत शिरलं होतं, तसा पूर ओसरल्यावरचे आठवडे तर फार जपण्याचे. लेप्टोची लस वेगळी मागून घ्या किंवा एकत्र लसीत ती आहे का ते विचारा. तिचे दोन डोस आणि पुढे दरवर्षी एक लागतो. पावसाळ्यात फिरवून आणलं की पायाची बोटं फाकवून पुसा आणि कानामागे गोचीड पाहा.

साकोली-लाखनीकडे, कोका आणि नवीन नागझिरा अभयारण्यांच्या कडेच्या गावांत आणखी एक कारण आहे. डिस्टेंपर नावाचा रोग कुत्र्यांतून रानातल्या जनावरांत जातो. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, त्यांतल्या काहींत हाच विषाणू सापडला होता. बिबट्या गावातलं कुत्रं उचलतो हे तिथल्या लोकांना सांगायला नको. आपल्या पिल्लाला लस देणं म्हणजे जंगलालाही थोडं राखणं आहे. या गावांत संध्याकाळी अंधार पडल्यावर पिल्लाला फिरवू नका.

"एवढंसं पिल्लू, त्याचे दुधाचे दात, चावलं तर काय?"

रेबीज वय पाहत नाही. रेबीजची लस साधारणपणे बारा आठवड्यांनंतर देतात, म्हणजे त्याआधी पिल्लाला संरक्षण नसतं. रस्त्यावरून उचललेलं पिल्लू आधीच पिसाळलेल्या कुत्र्याच्या संपर्कात आलेलं असू शकतं. दात लागले, ओरखडा उठला, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. चुना, हळद, मिरची काही लावू नका. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून माणूस वाचणं जवळजवळ अशक्य आहे. लहान मुलं चावल्याचं लपवतात, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा की रागावणार नाही.

आता तारखा मांडू. पिल्लू १५ नोव्हेंबरला जन्मलं असं धरा. १० जानेवारीला ते आठ आठवड्यांचं होतं. त्याआधी ते आईपासून तोडू नका. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीच्या नियमांनीही आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई केली आहे. ७ फेब्रुवारीनंतर रेबीजची लस. ७ मार्चला १६ आठवडे होतात, तेव्हा शेवटचा डोस. म्हणजे पायाने पहिली फेरी १४ ते २१ मार्चच्या दरम्यान. नेमकं तेव्हाच आपल्याकडचं ऊन चढू लागतं आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर पिल्लाच्या तळव्यालाही सोसणार नाही. सकाळी सातच्या आत निघा, दहा मिनिटांत परत या, सोबत पाणी ठेवा.

घरात पिल्लू असेल तर आजच त्याचं कार्ड काढा, जन्मतारखेत ११२ दिवस मिळवा आणि त्या तारखेनंतरचा एक डोस कार्डावर आहे का ते पाहा. नसेल तर डॉक्टरांना फोन करा आणि तो होईपर्यंत पिल्लाला कडेवरच फिरवा.