करारनाम्यातील कराची कलमे

“पदवी घेऊन पुढे काय करणार?” हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थ्याला घरीदारी सर्वजण विचारतात. आज त्याला एक उत्तर देता येते. भाषा नीट येत असेल तर अनुवाद, मुद्रितशोधन, चित्रपटांची उपशीर्षके, जाहिरातीचा मजकूर अशी कामे घरी बसूनही मिळतात. मात्र ही कामे पगाराची नसतात, कराराची असतात. आणि करार म्हटला की त्यात कराची कलमे आलीच. ती न वाचता सही केली की काय होते, हे मी अनुभवाने शिकले. तोच अनुभव येथे मांडते.

गेल्या वर्षी परराज्यातील एका कंपनीने मला एका माहितीपुस्तिकेच्या अनुवादाचे काम दिले. साठ हजार शब्द, शब्दाला एक रुपया. अकरा पानांच्या करारावर मी आनंदाने सही केली. त्या पैशांतून धाकट्या बहिणीच्या वसतिगृहाची फी भरायची, असे घरी ठरले होते. काम वेळेवर दिले. हाती आले ४३,२०० रुपये! चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले, “१० टक्के आयकर, म्हणजे ६,००० रुपये कापले. तुम्ही जीएसटी क्रमांक दिला नाही, म्हणून कलम १४ प्रमाणे १८ टक्के, म्हणजे १०,८०० रुपये राखून ठेवले.” कलम १४ करारात खरोखरच होते. भाषेची विद्यार्थिनी म्हणवून घेणाऱ्या मला ते वाचायचे सुचले नव्हते.

वाणिज्य विभागातल्या एका सरांकडे करार घेऊन गेले. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, “अगं, या दोन कपाती एका माळेचे मणी नव्हेत. आधी त्या वेगळ्या कर.”

पहिली कपात कायदेशीर होती. कंपनी एखाद्याला व्यावसायिक शुल्क देते आणि वर्षभरातील रक्कम ५०,००० रुपयांच्या वर जाते, तेव्हा १० टक्के आयकर आधीच कापून सरकारात भरणे तिच्यावर बंधनकारक असते. (१ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३०,००० रुपये होती.) यालाच टीडीएस म्हणतात. हे पैसे बुडत नाहीत. ते आपल्या पॅन क्रमांकावर जमा होतात. आपले वर्षाचे उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून ते परत मिळतात. यासाठी दोन गोष्टी कराव्यात. ग्राहकाकडून कपातीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे, आणि रक्कम खरोखर जमा झाली का, हे आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तपासावे. पॅन दिला नाही तर कपात १० ऐवजी २० टक्के होते, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी कपात मात्र निराधार होती. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात त्याला सर्वसाधारणपणे नोंदणी करावी लागत नाही. काही राज्यांत ही मर्यादा १० लाख आहे. ग्राहक परराज्यातला असला तरी सेवांना ही सवलत मिळते. ज्याची नोंदणी आहे तो बिलावर हा कर वेगळा लावतो, ग्राहकाकडून घेतो आणि सरकारात भरतो. ज्याची नोंदणी नाही त्याला हा कर वसूल करण्याची कायद्यानेच मनाई आहे. मी कर लावलाच नव्हता; मग माझ्या मजुरीतून राखलेले १०,८०० रुपये कोणता कर होते? ते सरकारकडे जाणार नव्हते, कंपनीच्याच खिशात राहणार होते.

सरांच्या सांगण्यावरून मी एक साधे पत्र लिहिले : “माझी वार्षिक उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आत आहे. मी नोंदणीकृत नाही आणि बिलात वस्तू व सेवा कर आकारलेला नाही. तरी राखून ठेवलेली रक्कम द्यावी.” भांडण नाही, आरोप नाही. दोन महिन्यांनी पैसे आले. फी मात्र तोवर उसनवारी करून भरावी लागली होती.

त्यानंतर मित्रमैत्रिणींचे करार वाचले, तेव्हा आणखी काही कलमे दिसली. वरून ती गोगलगायीसारखी गरीब वाटतात, पण पोटात पाय असतात.

एक : “या व्यवहारातून उद्भवणारा कोणताही कर, व्याज व दंड सेवा देणारा भरून देईल.” कर कापून वेळेत भरण्याची जबाबदारी कायद्याने पैसे देणाऱ्यावर टाकली आहे. त्याने उशीर केला, तर त्याचे व्याज आपण का सोसावे? “मी दिलेली माहिती चुकीची निघाल्यास, आणि मिळालेल्या शुल्काच्या मर्यादेपर्यंतच” एवढी भर तेथे घालण्यास सांगावे.

दोन : “मागणी करताच विवरणपत्रे व बँकेचे हिशेब दाखवावेत.” पॅनची प्रत देणे रास्त आहे. आपले सारे खाते उघडून दाखवण्याचे कारण विचारावे, आणि तेवढ्या कामापुरता कागद द्यावा.

तीन : जुन्या कायद्याची कलमे. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आणि कलमांचे क्रमांक बदलले. करारात जुने “१९४ जे” आढळले तर “त्या वेळी लागू असलेल्या कायद्याप्रमाणे” असे लिहून घ्यावे.

चार : अमेरिकेतील ग्राहक डब्ल्यू-९ नावाचा अर्ज मागतो. तो तेथील करदात्यांसाठी असतो. भारतात राहून काम करणाऱ्या भारतीय व्यक्तीने डब्ल्यू-८ बेन हा अर्ज द्यायचा असतो.

मित्रहो, बदल सुचवला तर काम हातचे जाईल, ही भीती मलाही वाटते. पण अनेकदा ती कलमे कोणीतरी मोठ्या कंपन्यांसाठी लिहिलेली असतात आणि आपल्या करारात तशीच उतरलेली असतात. नम्रपणे विचारले की बदलतात. मात्र विचारायचे ते सहीपूर्वी आणि लेखी. रक्कम मोठी असेल तर सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. त्याची फी आतबट्ट्याच्या व्यवहारापेक्षा स्वस्तच पडते.

कवितेतील एका शब्दावर आपण वर्गात तासभर चर्चा करतो. तेवढ्याच बारकाईने आपला करारही वाचला पाहिजे. तृतीय वर्षाच्या मुलांसाठी वाणिज्य विभागाने दरवर्षी यावर एखादा तास घ्यावा, अशी या निमित्ताने विनंती करते. मला तो तास १०,८०० रुपये अडकल्यावर मिळाला. इतरांना तो आधीच मिळावा.