फुप्फुसाचा कर्करोग आणि नेमकी औषधे



खोकला जात नाही, वजन घटते, एक्स-रेमध्ये डाग दिसतो, की आपल्या वस्तीत लगेच टी.बी.चे नाव घेतले जाते. पुष्कळदा ते खरेही असते. पण थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही टी.बी.ची औषधे सुरू होतात, महिने जातात आणि शेवटी कर्करोग निघतो, असेही घडते. 'आमच्या घरात कुणी विडी ओढत नाही' म्हणून शंका बाजूला सारू नये. धूम्रपान न करणाऱ्यांना, त्यातही स्त्रियांना, हा रोग होतो. आणि नव्या औषधांचा उपयोग बहुधा अशाच रुग्णांना अधिक होतो.

तथागतांनी दुःख सांगितले, तसे त्याचे कारणही शोधले. संशोधकांची वाट तीच आहे. पेशीच्या पृष्ठभागावर ई.जी.एफ.आर. नावाचे प्रथिन असते. पेशीने केव्हा वाढावे याचे ते जणू बटण. त्याच्या जनुकात बिघाड झाला की बटण दाबलेलेच राहते आणि पेशी वाढतच सुटतात. केमोथेरपी वेगाने वाढणाऱ्या चांगल्या पेशींनाही मारते, म्हणून केस गळतात. जेफिटिनिबची गोळी मात्र त्या बिघडलेल्या बटणातच जाऊन बसते. हा बिघाड असलेल्यांनाच ती विशेष लागू पडते, हे 2004 साली उमगले. आपल्या देशात साधारण चार-पाच रुग्णांमागे एकाच्या गाठीत तो सापडतो. म्हणून आधी तपासणी, मग गोळी.

पण हा रोगही चिवट. बहुतेकांत वर्षभराच्या आसपास तो नवा बदल करतो आणि गोळीला दाद देईनासा होतो. त्यावर ओसिमर्टिनिब हे औषध 2015 साली अमेरिकेत मंजूर झाले. ते फार महाग. 2024 साली केंद्र सरकारने त्यावरील आयातशुल्क माफ केले.

परळच्या टाटा रुग्णालयाने (स्थापना 1941) स्वस्तातला मार्ग तपासला. 350 रुग्णांपैकी निम्म्यांना केवळ जेफिटिनिब, निम्म्यांना त्याच्या जोडीला केमोथेरपी दिली. 2019 मध्ये निष्कर्ष आला: पहिल्या गटात रोग साधारण 8 महिने आटोक्यात राहिला, दुसऱ्यात 16 महिने. दुसऱ्या गटाला त्रास जास्त झाला, हेही सांगितले पाहिजे. तरीही मुंबईत झालेल्या या कामाची दखल जगाने घेतली, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

दिव्याहून परळला जाताना जुने एक्स-रे, बायोप्सीचा अहवाल आणि मेणाच्या ठोकळ्यातला तुकडा, म्हणजे 'ब्लॉक', आठवणीने सोबत न्यावा. जनुकाची तपासणी त्याच तुकड्यावर होते. तो नसेल तर पुन्हा सुई घालावी लागू शकते. खर्च झेपत नसल्यास रेशनकार्ड घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी भेटावे.