तिसरी खुर्ची

2015 ते 2017 या काळात रियाध किंवा जेद्दाहमध्ये नोकरीला असलेल्या मराठी माणसाला रस्त्यांवरच्या फलकांतले तीन चेहरे पाठ झाले होते: राजे सलमान, युवराज मोहम्मद बिन नायेफ आणि उपयुवराज मोहम्मद बिन सलमान. मग एका जून महिन्यात फलक बदलले आणि चेहरे दोनच उरले. तिसरा कुणाचा येणार, याची चर्चा चार दिवस चालली आणि विरून गेली. त्याला आता आठ वर्षं उलटून गेली, तरी ती जागा भरलेली नाही. सौदी राजकारण समजून घ्यायचं तर राजाकडे किंवा युवराजाकडे पाहण्याआधी या रिकाम्या जागेकडे पाहावं, असं मला वाटतं.

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार आपला जोडीदार निवडतो तेव्हा गणित चव्हाट्यावर मांडलं जातं. 1960 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या तरुण, कॅथलिक जॉन केनेडींनी टेक्सासच्या लिंडन जॉन्सन यांना सोबत घेतलं. उमेदवारीच्या शर्यतीत जॉन्सन त्यांच्याच विरोधात उभे होते. पण दक्षिणेतली मतं हवी होती, म्हणून प्रतिस्पर्धी पंगतीला बसवला. सौदी अरेबियात निवडणूक नाही, पक्ष नाही, प्रचारसभा नाही. तरी जोडीदार निवडताना विचार तोच होतो: आपल्याकडे नाही ते कुणाकडे आहे, आणि कुणाला दाराबाहेर ठेवलं तर महागात पडेल? फरक आहे तो वेगळाच. सौदी राजाला आपला दुसरा माणूस बहुतेक वेळा निवडताच येत नाही. तो आधीचा राजा ठरवून गेलेला असतो. नव्या राजाच्या हाती उरते ती तिसरी खुर्ची. तिच्यावर तो जो माणूस बसवेल तोच उद्या दुसरा होणार, आणि बहुधा परवा पहिला. घासाघीस होते ती या खुर्चीवरून.

संस्थापक अब्दुलअझीझ यांनी 1932 मध्ये राज्याला आजचं नाव दिलं आणि पुढच्याच वर्षी सौद या मुलाला युवराज केलं. चाळिसाहून जास्त मुलगे असलेल्या बापाला भाऊबंदकी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी याच पायी राज्य गमावलं होतं. नोव्हेंबर 1953 मध्ये ते गेले. सौद राजे झाले, त्यांचे सावत्र भाऊ फैसल युवराज. ही जोडी दोघांपैकी कुणाच्याच आवडीची नव्हती. सौद उधळे, फैसल हिशेबी. अकरा वर्षं ओढाताण चालली, खजिना रिता झाला, आणि 2 नोव्हेंबर 1964 रोजी धर्मपंडितांच्या फतव्याच्या आधारे घराण्याने सौद यांना पायउतार केलं. दुसऱ्याने पहिल्याला काढल्याचं हे उदाहरण त्यानंतरचा कुठलाच राजा विसरला नसावा.

वयाच्या क्रमाने फैसल यांचे युवराज व्हायला हवे होते मोहम्मद. ते तापट म्हणून ख्यात. त्यांनी हक्क सोडला आणि 1965 मध्ये त्यांचे धाकटे सख्खे भाऊ खालिद युवराज झाले. खालिद यांचा जीव वाळवंटात आणि ससाण्यांच्या शिकारीत रमणारा, प्रकृतीही नाजूक. त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, हीच त्यांची मोठी पात्रता. पण राज्य अशा माणसावर सोडायचं तर मागे कुणी खमका हवा. म्हणून 1967 मध्ये फैसल यांनी फहद यांना ‘दुसरे उपपंतप्रधान’ केलं. राजा स्वतः पंतप्रधान, युवराज पहिला उपपंतप्रधान आणि त्याखाली हा तिसरा.

महाराष्ट्राच्या वाचकाला असलं पद नवं नाही. 1978 मध्ये वसंतदादा पाटलांच्या मंत्रिमंडळात नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले, तेव्हा राज्यघटनेत त्या पदाचा उल्लेख नव्हता, आजही नाही. दोन काँग्रेसना एका गाडीत बसवायचं होतं, म्हणून आसन तयार केलं. फहद यांचं आसन तसंच सोयीचं होतं. ते सरकार मात्र काही महिन्यांत कोसळलं, आणि रियाधची सोय जवळपास अर्धं शतक टिकली.

25 मार्च 1975 रोजी एका पुतण्याने फैसल यांना भेटीच्या दालनात गोळ्या घातल्या. खालिद राजे आणि फहद युवराज झाले, कुणाला काही नव्याने ठरवावं लागलं नाही. फहद यांच्याहून वडील असे दोन भाऊ, नासिर आणि साद, बाजूला राहिले. वय मोजलं जातं, पण वजनही मोजलं जातं, हे तेव्हा उघड झालं. मग खालिद यांनी तिसऱ्या खुर्चीवर बसवलं अब्दुल्ला यांना, आणि ही निवड जरा थांबून पाहण्यासारखी आहे.

फहद सात सख्ख्या भावांपैकी थोरले. आई हस्सा बिंत अहमद अल-सुदैरी. तिच्या या मुलांना बाहेरचं जग ‘सुदैरी सात’ म्हणतं. सुलतान यांच्याकडे संरक्षण खातं, नायेफ यांच्याकडे गृह, सलमान रियाधचे गव्हर्नर. सैन्य, पोलीस आणि राजधानी एका आईच्या पोरांच्या हातात! अब्दुल्ला यांना सख्खा भाऊ एकही नव्हता. त्यांची आई शम्मर टोळीची, म्हणजे ज्या रशीद घराण्याकडून अब्दुलअझीझ यांनी 1902 मध्ये रियाध परत घेतलं त्या बाजूची. पण 1960च्या दशकाच्या सुरुवातीपासून नॅशनल गार्ड त्यांच्या हुकमतीखाली होतं. टोळ्यांमधून भरती झालेलं हे दल संरक्षण खात्याच्या अखत्यारीबाहेर होतं. सात भावांना वेसण घालायची तर यांच्याइतका योग्य माणूस नव्हता. अब्दुल्ला यांनी पुढे तिसरेपणी, दुसरेपणी आणि पहिलेपणीही गार्डवरची पकड सुटू दिली नाही. अखेर ते मुलाच्या, मुतैब यांच्या, हाती दिलं.

1982 मध्ये फहद राजे झाले आणि त्यांनी तिसऱ्या जागी सख्खा भाऊ सुलतान आणला. म्हणजे सुदैरी, मग अब्दुल्ला, मग पुन्हा सुदैरी. एकाआड एक अशी ही वाटणी कुठे लिहिलेली नव्हती, पण सगळे ती पाळत होते. लिहून झालं ते 1 मार्च 1992 रोजी, आखाती युद्धानंतर आलेल्या ‘मूलभूत कायद्या’त. त्याच्या पाचव्या कलमाने राज्य संस्थापकाच्या मुलांचं आणि नातवांचं ठरवलं. त्यांतला सर्वांत लायक तो राजा. नातू हा शब्द कायद्यात आला. आणखी एक वाक्य आलं: युवराज नेमायचा आणि हटवायचा अधिकार राजाचा, एका फर्मानाने. तेव्हा त्या वाक्याकडे फार कुणी लक्ष दिलं नाही. अमेरिकेचा अध्यक्ष उपाध्यक्षाला बडतर्फ करू शकत नाही, हे इथे आठवावं.

1995 मध्ये फहद यांना पक्षाघात झाला. पुढची दहा वर्षं कारभार अब्दुल्ला यांनी पाहिला, आणि 2005 मध्ये ते राजे झाले. सुलतान आपोआप युवराज. तिसरी खुर्ची अब्दुल्लांनी मुद्दाम मोकळी ठेवली. आणखी एका सुदैरीला वचन द्यायचं नव्हतं, असाच त्याचा अर्थ लावला गेला. त्याऐवजी 2006 मध्ये त्यांनी ‘निष्ठा मंडळ’ काढलं. संस्थापकाच्या प्रत्येक मुलाच्या शाखेला त्यात एक जागा. राजाने एक ते तीन नावं सुचवायची. मंडळाला पसंत नसतील तर ते स्वतःचं नाव देईल. राजाला तेही नको असेल तर मतदान. कागदावर झकास. फक्त सुलतान यांना नियम लागू नव्हता.

मार्च 2009 मध्ये सुलतान उपचारांसाठी परदेशी असताना अब्दुल्लांनाच नायेफ यांना दुसरे उपपंतप्रधान करावं लागलं. धाकटे भाऊ तलाल यांनी जाहीरपणे विचारलं, म्हणजे नायेफ उद्याचे युवराज असं समजायचं का? उत्तर ऑक्टोबर 2011 मध्ये मिळालं. सुलतान न्यूयॉर्कमध्ये वारले, नायेफ युवराज झाले आणि महिन्याभरात तलाल निष्ठा मंडळातून बाहेर पडले. नायेफही जून 2012 मध्ये जिनिव्हात गेले. सलमान युवराज झाले. आठ महिन्यांत दोन युवराजांच्या मयती झाल्या; वयाच्या क्रमाने चालणाऱ्या रांगेचं जे व्हायचं ते होत होतं.

अब्दुल्लांनी शेवटचा डाव 27 मार्च 2014 रोजी टाकला. ‘उपयुवराज’ हे नवं पद काढून त्यावर मुक्रिन यांना नेमलं. संस्थापकाच्या हयात मुलांत हे सर्वांत धाकटे, आई येमेनची, पूर्वीचे लढाऊ वैमानिक, पुढे गुप्तहेर खात्याचे प्रमुख. फर्मानात लिहिलं होतं की ही नेमणूक कुणीही, कशाही रीतीने बदलू नये. पुढच्या राजाचे हात बांधायची ही धडपड होती. जानेवारी 2015 मध्ये अब्दुल्ला गेले, मुक्रिन युवराज झाले, आणि 29 एप्रिलला राजे सलमान यांनी मुक्रिन यांना त्यांच्या ‘विनंतीवरून’ मोकळं केलं. जेमतेम तीन महिने!

युवराज झाले मोहम्मद बिन नायेफ, या पदावरचे पहिले नातू. 2009 मध्ये शरण येतो म्हणून आलेल्या अल-कायदाच्या माणसाने जेद्दाहमध्ये त्यांच्यासमोर स्वतःला उडवून दिलं, त्यातून ते बचावले होते. वॉशिंग्टनला ते हवेहवेसे होते. शिवाय त्यांना मुली होत्या, मुलगा नव्हता. म्हणजे स्वतंत्र गादी उभी राहायची भीती कमी. आणि तिसऱ्या खुर्चीवर राजाचा स्वतःचा मुलगा, तिशीही न गाठलेला.

21 जून 2017 रोजी सरकारी वाहिनीवर एक लहानशी चित्रफीत दाखवली गेली. मोहम्मद बिन सलमान वाकून चुलतभावाच्या हाताचं चुंबन घेतात, गुडघ्यापर्यंत झुकतात. मोहम्मद बिन नायेफ निष्ठेचे शब्द बोलतात आणि दोघे अलग होतात. निष्ठा मंडळाच्या 34 पैकी 31 जणांनी संमती दिल्याचं जाहीर झालं. आदल्या रात्री मोहम्मद बिन नायेफ यांना अडवून दबाव आणल्याचं वृत्त ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पुढच्या महिन्यात दिलं, सौदी बाजूने ते नाकारण्यात आलं. त्याच दिवसाचं दुसरं फर्मान मात्र मला जास्त बोलकं वाटतं. मोहम्मद बिन नायेफ यांच्याकडून गृह खातं काढून घेतलं, पण दिलं ते त्यांच्याच पुतण्याला. नायेफ यांच्या घराला अगदी रिकाम्या हाती पाठवायचं नव्हतं. मुतैब यांना तेवढीही सवलत मिळाली नाही. नोव्हेंबरमध्ये त्यांची नॅशनल गार्डवरून उचलबांगडी झाली आणि रिट्झ-कार्लटन हॉटेलात डांबलेल्या राजपुत्रांत तेही होते. खालिद यांनी 1975 मध्ये ठेवलेलं पासंग असं काढून टाकलं गेलं. मोहम्मद बिन नायेफ यांना मार्च 2020 मध्ये अटक झाली. सात सुदैरींपैकी धाकटे अहमद यांनाही.

उपयुवराज नेमला गेलेला नाही. सप्टेंबर 2022 मध्ये युवराज स्वतः पंतप्रधान झाले, आणि फैसल यांच्यापासून चालत आलेली पहिला-दुसरा-तिसरा ही उतरंडच मोडली. ऑगस्ट 2024 मध्ये एक व्यवस्थापकीय सोय झाली: राजे आणि पंतप्रधान दोघेही गैरहजर असतील तर मंत्रिमंडळाची बैठक संस्थापकाच्या वंशजांपैकी वयाने ज्येष्ठ मंत्र्याने चालवावी. माणसाचं नाव टाळून वयावर भागवलं. कारण उघड आहे. तिसऱ्याचं नाव उच्चारलं की त्याच्या दारात माणसं जमू लागतात, आणि आज पहिला होऊ घातलेला माणूस स्वतः त्याच दारातून आत आला आहे.

तरीही एक गाठ त्यांच्या वडिलांनीच मारून ठेवली आहे. जून 2017 मध्येच एका फर्मानाने मूलभूत कायद्याच्या पाचव्या कलमात भर घातली, की संस्थापकाच्या मुलांची पिढी संपल्यावर राजा आणि युवराज एकाच शाखेचे नसावेत. त्यानुसार मोहम्मद बिन सलमान राजे झाले तर संरक्षणमंत्री असलेले त्यांचे सख्खे भाऊ खालिद, किंवा त्यांचा स्वतःचा मुलगा, युवराज होऊ शकत नाही. जोडीदार फहद, अब्दुल्ला, नायेफ किंवा दुसऱ्या एखाद्या घरातून आणावा लागेल. म्हणजे ज्या घरांचं पाणी जोखून त्यांना दूर केलं, त्यांच्याचपैकी एखाद्याच्या दारी जावं लागेल. अर्थात ते कलम बदलायला एक फर्मान पुरतं, आणि मुक्रिन यांचं फर्मान तर बदलायला मनाई होती.