विश्लेषण : आफ्रिका चषक जिंकून दिला आणि दुसऱ्याच दिवशी राजीनामा! नायजेरियाचे स्टीफन केशी असे का वागले?

जोहान्सबर्गमध्ये १० फेब्रुवारी २०१३ रोजी नायजेरियाने बुर्किना फासोला १-० असे हरवून आफ्रिका चषक जिंकला. तब्बल १९ वर्षांनी. देशात जल्लोष सुरू असतानाच दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक स्टीफन केशी यांनी दक्षिण आफ्रिकेतील एका रेडिओ केंद्रावर जाहीर केले, की आपण पद सोडत आहोत.

नेमके बिनसले कुठे?

स्पर्धेची सुरुवात अडखळतच झाली होती. बुर्किना फासो आणि झाम्बियाविरुद्ध १-१ अशा बरोबरी, मग इथिओपियावर २-० असा विजय. उपांत्यपूर्व फेरीत समोर द्रोग्बा आणि याया टूरे यांचा आयव्हरी कोस्ट. नायजेरिया इथेच गारद होणार, असा बहुतेकांचा अंदाज होता. या सामन्याआधीच आपल्याला हटवण्याची तयारी फुटबॉल संघटनेने केली होती, अशी केशींची तक्रार होती. नायजेरियाने तो सामना २-१ असा जिंकला. उपांत्य फेरीत मालीला ४-१ असे लोळवले. मालीचे प्रशिक्षकपद केशींनी पूर्वी सांभाळले होते आणि तिथूनही त्यांना काढण्यात आले होते!

उपांत्यपूर्व आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत विजयी गोल केला तो संडे एम्बाने. तो युरोपात नव्हे, नायजेरियाच्याच लीगमध्ये खेळायचा. अशा स्थानिक खेळाडूंना संघात घेतल्याबद्दल केशींवर टीका झाली होती.

क्रीडामंत्र्यांच्या मध्यस्थीनंतर राजीनामा मागे घेतला गेला. पण त्याच वर्षी पुढे त्यांचा पगार काही महिने थकला.

खेळाडू म्हणून कारकीर्द कशी होती?

केशी मध्यबचावपटू. नायजेरियातून आयव्हरी कोस्ट आणि तिथून बेल्जियम असा त्यांचा प्रवास. अँडरलेख्टकडून १९९१ मध्ये त्यांनी बेल्जियन लीगचे विजेतेपद मिळवले. नायजेरियन खेळाडूंना युरोपची वाट दाखवणाऱ्यांत त्यांचे नाव आजही घेतले जाते. १९९४ मध्ये देशाने आफ्रिका चषक जिंकला, तेव्हा कर्णधार तेच होते. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत हा चषक जिंकणारे त्यांच्याआधी एकच, इजिप्तचे महमूद अल-गोहारी.

टोगोमध्ये काय घडले होते?

२०१३ चा राग समजून घ्यायचा तर २००६ मध्ये जावे लागते. चिमुकल्या टोगोला केशींनी पहिल्यांदा विश्वचषकाचे तिकीट मिळवून दिले, तेही सेनेगलला मागे टाकून. त्यानंतर आफ्रिका चषकात संघ तिन्ही सामने हरला आणि विश्वचषकाला काही महिने उरले असताना त्यांच्या जागी जर्मन प्रशिक्षक ओटो फिस्टर आले. विश्वचषकातही टोगो तिन्ही सामने हरला. गोऱ्या प्रशिक्षकांना वेळ दिला जातो, आफ्रिकन माणसाला नाही, असे केशी उघडपणे म्हणायचे. टोगोचा अनुभव पाहता ते उगाच बोलत होते असे वाटत नाही.

मग चूक फक्त संघटनेची?

तसेही नाही. २०१४ च्या विश्वचषकात त्यांनी नायजेरियाला बाद फेरीत नेले, तिथे फ्रान्सने ०-२ असे हरवले. त्यानंतर मात्र घसरण झाली. २०१५ च्या आफ्रिका चषकाच्या पात्रता फेरीत घरच्या मैदानावर काँगोकडून २-३ आणि मग सुदानकडून ०-१ असा पराभव. गतविजेता संघ पात्रही ठरला नाही. मधल्या काळात त्यांना काढून शुऐबू अमोडू यांना आणले गेले, मग राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांच्या हस्तक्षेपाने पुन्हा केशी! २०१५ च्या एप्रिलमध्ये नवा करार झाला, जुलैमध्ये हकालपट्टी.

त्याच डिसेंबरमध्ये त्यांच्या पत्नीचे कर्करोगाने निधन झाले. ७ जून २०१६ रोजी बेनिन सिटीमध्ये केशीही गेले. वय ५४. त्यानंतर काही दिवसांतच अमोडूही गेले. असाबा शहरातील स्टेडियमला आज केशींचे नाव आहे.