अंगावरून जास्त जाणे : दुखणे अंगावर काढू नका

भाताची लावणी आटोपली की शहापूर-मुरबाड भागातील बायका दवाखान्यात येऊ लागतात. तक्रार असते चक्कर येण्याची, धाप लागण्याची. पापणी ओढून पाहावी तर आत पांढरीफटक. खोदून विचारले म्हणजे हळूच सांगतात, ‘‘डॉक्टर, सहा महिने झाले, अंगावरून फार जातं. सासूबाई म्हणतात, पाळी जायच्या वेळी असं व्हायचंच.’’

हा समज घातक आहे. पाळी साधारणपणे २४ ते ३८ दिवसांनी यावी आणि आठ दिवसांत थांबावी. मोठ्या गाठी पडणे, तासा-दोन तासांनी कपडा बदलावा लागणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसणे, ही दाखवून घेण्याची लक्षणे आहेत.

कारणे वयानुसार बदलतात. नुकत्याच वयात आलेल्या मुलींत आणि चाळिशीनंतर स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही. त्यामुळे पिशवीचे अस्तर जाड होते व लांबलेली पाळी एकदम जास्त जाते. मूल होण्याच्या वयात गर्भ राहिला आहे का, हे आधी पाहावे लागते. तिशी-चाळिशीत पिशवीतील गाठी पुष्कळदा आढळतात. थायरॉईडचा दोष, तांबी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हीही कारणे असतात. लठ्ठपणा व मधुमेह असलेल्या स्त्रियांना अस्तराच्या कर्करोगाचा धोका अधिक. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर थेंबभर रक्त दिसले तरी तपासणी हवीच.

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांची गडचिरोलीतील दोन खेड्यांची पाहणी १९८९ साली प्रसिद्ध झाली. ६५० पैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. पूर्वी कधी तपासणी झालेल्या मात्र जेमतेम ८ टक्के होत्या. लाजेची किंमत ती ही!

दुसरे टोक म्हणजे घाईने पिशवी काढून टाकणे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची राज्य सरकारला २०१९ मध्ये समिती नेमून चौकशी करावी लागली. पुष्कळ रुग्णांना गोळ्यांनीच गुण येतो. म्हणून हिमोग्लोबिन, सोनोग्राफी व गरजेप्रमाणे अस्तराचा तुकडा तपासून कारण कळल्यावरच निर्णय घ्यावा.

भगिनींनो, पाळीच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठा. आणि घरच्यांनो, तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा.