रेवसच्या पाण्यावरून नारायणगावच्या मळ्याकडे

रेवसच्या धक्क्यावरून भाऊच्या धक्क्याला निघालेली लाँच धरमतर खाडीचं तोंड ओलांडते. उजव्या हाताला करंजा-उरणचा डोंगर सरकत जातो आणि पुढे घारापुरी येते. प्रवासी लेणी कुठल्या बाजूला ते शोधत असतात. मला मात्र त्या बेटाच्या किनाऱ्यावर सापडलेली खापरं आठवतात. दोन कानांच्या उंच रोमन कुंभांचे तुकडे तिथं मिळाले आहेत. त्यांच्यासोबत आतून डांबर फासलेल्या, निमुळत्या बुडाच्या रांजणांचेही तुकडे आहेत. ते रांजण इराण-इराकच्या आखाताकडून येत. वाइन समुद्रातून न्यायची ही दोन्ही भांडी. बाटली आणि बूच यांच्या कितीतरी आधी या पाण्यावर द्राक्षाची दारू तरंगत आली होती.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवहीत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात वाइन आहे आणि इटलीची वाइन तिथं जास्त पसंत केली जाई, अशी नोंदही आहे. त्याच वहीत दक्षिणेच्या बंदरांमध्ये कल्याणनंतर ‘सेमुल्ला’चं नाव येतं. सेमुल्ला म्हणजे आपलं चौल, रेवसच्याच अलिबाग तालुक्यातलं.

पण वाइन इथं उतरली तरी द्राक्ष काही इथं रुजलं नाही. रेवस, बोडणी, मांडव्यापासून खाली रेवदंड्यापर्यंतच्या वाड्यांत माड आहे, पोफळ आहे, आंबा आहे. द्राक्षाचा मळा नाही. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस आणि वर्षभर अंगाला चिकटणारी दमट हवा या वेलाला मानवत नाही. पानावर केवडा आणि भुरी असे रोग ठाण मांडून बसतात. किनाऱ्याचं पेय माडी. भंडारी पहाटे माडावर चढतो, मडकं उतरवतो, आणि सकाळची गोड नीरा दुपारपर्यंत आंबून माडी होते. ती कुणासाठी थांबत नाही, आणि साठवली तर आंबट होते. वर्षानुवर्षं टिकणाऱ्या पेयासाठी घाट चढून कोरड्या हवेत जावं लागतं.

जुना माल तसाच चढला. कल्याणहून नाणेघाट आणि घाटमाथ्यावरून जुन्नर. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि माथ्यावर दगडी रांजण आहे. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांची दानं कोरलेली आहेत. इरिल, चिट आणि चंद ही त्यांची नावं. कुणी पाण्याची टाकी दिली, कुणी भोजनमंडप. हे यवन कुठून आले यावर विद्वान वाद घालतात, पण समुद्रावरचा व्यापार जुन्नरपर्यंत पोचला होता याबद्दल वाद नाही.

त्याच जुन्नर तालुक्यात, पुणे-नाशिक रस्त्यावर, मीना नदीच्या काठी नारायणगाव आहे. विठाबाईंच्या तमाशाचं गाव, शेजारी खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण, बाजारात टोमॅटोचे ढीग. समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंची. कुकडी प्रकल्पाचं पाणी फिरलं आणि इथं द्राक्षाचे मांडव उभे राहिले. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी इथं फ्रेंच पद्धतीची वाइन करायची ठरवली. शँपेनच्या प्रदेशातल्या, 1785 मध्ये स्थापन झालेल्या पायपर-हायडसिक या घराण्याचं तंत्रसाहाय्य त्यांनी घेतलं. पहिला गाजलेला माल फेसाळ वाइनचा होता. ‘ओमर खय्याम’ नावानं तो परदेशी गेला. जुन्नरच्या मातीतली बाटली लंडनच्या टेबलावर ठेवली गेली, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. कारखान्याला पुढे नाव मिळालं ‘शातो इंडाज’.

‘शातो’ म्हणजे फ्रेंचमध्ये गढी. फ्रान्समधल्या बोर्दो या वाइनच्या प्रदेशात मात्र त्या शब्दाला वेगळं वजन आहे: ज्याची जमीन, त्याचीच द्राक्षं, त्याचंच तळघर आणि बाटलीवर त्याचंच नाव. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून तिथल्या गढ्यांची प्रतवारी लावली गेली. लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों या चार गढ्या पहिल्या पायरीवर बसल्या. मूतों-रोत्शिल्दला ती पायरी चढायला 1973 उजाडलं. आपल्याकडे गढी म्हटलं की पडकी भिंत आणि बुरूज डोळ्यांपुढे येतात. तिथं गढीची किंमत वेलाच्या वयावर आणि मातीतल्या वाळू-गोट्यांवर ठरते. शेतावर इतकी श्रद्धा ठेवणारा व्यवसाय जगात दुसरा क्वचितच असेल, आणि शेतकऱ्याच्या महाराष्ट्रानं त्याच्याकडे आदरानं पाहायला हवं.

नारायणगावच्या लाल वाइनमध्ये ‘शांतिली’ आणि ‘रिव्हिएरा’ ही नावं जाणत्यांना आठवतील. ‘शांतिली’तली लाल होती काबर्ने सोविन्यों या बोर्दोच्या जातीची. या जातीचं द्राक्ष खाऊन पाहिलं तर निराशा होईल. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, बिया मोठ्या. शेजारच्या मांडवातली जम्बो काळी द्राक्षं त्याच्यापुढे राजेशाही दिसतात. पण लाल वाइनचा सगळा जीव सालीत असतो. काळ्या द्राक्षाचाही रस बहुतेक पांढराच निघतो. रंग आणि जिभेवर तुरट लागणारं टॅनिन सालीतून उतरतं, म्हणून लाल वाइन करताना साली रसातच ठेवून आंबवतात. वर तरंगून आलेला सालींचा थर दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो किंवा खालचा रस पंपानं त्यावर फिरवावा लागतो. मणी लहान म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त. बाजारात ज्याला भाव मिळाला नसता असा घड इथं सोन्याचा ठरतो.

खरी कसोटी वेलाची. बोर्दोत थंडी पडते, वेल पान गाळून झोपतो आणि वसंतात उठतो. दख्खनमध्ये त्याला झोपच नाही. म्हणून आपला शेतकरी त्याला कात्रीनं ऋतू दाखवतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. फ्रान्समध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडा होतो, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. घडात साखर उतरते तेव्हा रात्री गार आणि दिवस उन्हाचे असतात. या कोरड्या दिवसांवरच दख्खनची वाइन उभी आहे.

नारायणगावचा डाव पुढे विसकटला. विस्तार फार झाला, परदेशातली खरेदी अंगावर आली, 2008 च्या मंदीनं गाठलं आणि दशकाच्या शेवटी कर्जाचा प्रश्न कोर्टात गेला. कंपनी टिकली नाही. माझ्या मते हिशेब तिथं संपत नाही. वाइनच्या द्राक्षाची लागवड कशी करायची, साखर कधी मोजायची, टाकी किती थंड ठेवायची, हे या राज्यात आधी ज्यांनी शिकून दाखवलं त्यांत हे ठिकाण पुढे होतं. 2001 मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, नाशिकला वायनऱ्या उभ्या राहिल्या, 2010 मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं. या वाटेवरचा सुरुवातीचा मैलाचा दगड जुन्नर तालुक्यात आहे, आणि त्याच्यावर साधी पाटीसुद्धा नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. नारायणगावात त्या प्रयोगाची नोंद लावावी आणि तिथं ‘ओमर खय्याम’ची बाटली रोमन कुंभाच्या खापरासोबत एकाच कपाटात ठेवावी, एवढी मागणी तालुक्यातल्या मंडळींनी करायला हरकत नाही.

जायचं असेल तर जानेवारी ते मार्च निवडा. रेवसहून लाँचनं मुंबई, तिथून कल्याण, मुरबाड, माळशेज आणि जुन्नर. नाणेघाट पाहायला एक सकाळ हाताशी ठेवा.