रुईच्या पानामागचे बिऱ्हाड

फुलपाखराच्या शोधात निघालेला मनुष्य बहुधा फुलांकडेच पाहत चालतो. परंतु वऱ्हाडच्या मुलखात, मग ते अमरावतीजवळचे वडाळीचे तळे असो वा अकोल्याकडील काटेपूर्णेचे अरण्य, ज्यास त्याचा खरा ठावठिकाणा हवा त्याने आधी पानांची झडती घ्यावी, कारण मादी अंडी घालते ती आपल्या अळीस मानवेल अशा ठरावीक वनस्पतीवरच.

वरुड-मोर्शीच्या संत्राबागेत कोवळ्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे जे काही दिसते, त्यास काडीने हळूच स्पर्श करताच डोक्यामागून दुभंगलेले मऊ शिंग बाहेर पडते आणि उग्र दर्प दरवळतो. ही लिंबूवर्गीय झाडांवरच्या फुलपाखराची अळी. २०१५ साली राज्याचे फुलपाखरू ठरलेली राणी पाकोळीही याच कुळातील झाडांवर वाढते. अळ्या कोवळी पालवी खातात, ही बागाइतदाराची तक्रार खोटी नाही. तरी बांधावरचे एखादे बेलाचे झाड या अळ्यांसाठी राखावे, असे मला मनापासून वाटते.

रुईवर पोसलेले बिबळ्या कडवा हे फुलपाखरू तिच्या चिकातील विषामुळे पक्ष्यांना नकोसे होते, आणि छोटा चांदवा या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब त्याचेच रूप धारण करते, जरी तिची अळी आपण भाजी करतो त्या निरुपद्रवी घोळीवर वाढलेली असते. दोघांतला फरक ओळखायचा तर, सकाळी पंख पसरून फुलपाखरू ऊन खात असता, आपली सावली पडू न देता, मागच्या पंखाचे छायाचित्र अवश्य घ्यावे : मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतील तर तो कडवा, नसतील तर ती चांदव्याची मादी.